निळ्या झाकणाची बाटली

७ तारीख, सकाळ

ताई,

पांढरी माशी कशाने जाते? फोन तुम्ही माझाही उचलत नाही आणि तुमच्या भावाचाही नाही, म्हणून हे पत्र भोंग्याच्या हाती देतेय. भोंगा म्हणजे रोपांची गाडी चालवतो तो. गल्लीच्या तोंडाशी आला की अख्ख्या वस्तीला उठवतो. परवा तोच म्हणाला, तुमच्या बाई आता आमच्या रोपवाटिकेत असतात, वाफे बघतात, कुणाशी फार बोलत नाहीत. मी म्हटलं, मग त्या आमच्याच.

इकडे सगळं ठीक आहे. शेडमध्ये टोमॅटो छातीला लागलाय. गांडूळखत तुम्ही सांगायचात तसंच देतो, बुंध्याला न चिकटवता वीतभर लांब. दाराजवळच्या ओळींवर लाली चढायला लागलीये. पण पान उलटं केलं की माशी पिठासारखी उडते, आणि शेंड्याची पानं वाटीसारखी वळलीत. लसूण-मिरचीचा अर्क मारून झाला, कडुनिंबाचा मारून झाला. माशी तेवढ्यापुरती बाहेर जाते, हवा खाते आणि परत येते.

शाळेचं स्वयंपाकघर चालवणाऱ्या बाई येणार आहेत शेड बघायला. त्यांना रासायनिक फवाऱ्याशिवायचा टोमॅटो हवाय, रोजच्या रोज. हे जमलं तर शेड टिकते. नाही जमलं तर तुमचा भाऊ पुन्हा गोदामाच्या दारावर पहाऱ्याला बसणार, आणि ते त्याला किती जिव्हारी लागतं ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून हल्ली तो स्वतःच अर्क करतो. शेडमागच्या मोठ्या पिंपात. संध्याकाळी कात्री घेऊन रस्त्याकडेने फिरतो आणि पोतं भरून पाला आणतो. कसला पाला म्हणून विचारलं तर म्हणतो, "ताईने मला कधी सांगितलं? मग मी तुला का सांगू?" या घरात रुसायलाही काही धरबंध नाही.

तर माशीचं कळवा. भोंग्याजवळ तोंडी सांगितलंत तरी चालेल. लिहा असा आग्रह नाही.

एक विचारायचं राहिलं. बाजारात टेबल मांडून तुम्ही अर्क पिऊन दाखवायचात, तेव्हा किती प्यायचात? चमचाभरच ना? सहज विचारते.

तुमची भावजय


११ तारीख, दुपार

ताई,

निरोप मिळाला. भोंगा म्हणाला, तुम्ही उभ्या उभ्या पत्र वाचलंत, घडी करून खिशात टाकलंत आणि एवढंच सांगितलंत की फवारा उन्हं उतरल्यावर मारा आणि पानाच्या खालून मारा. शंभर शब्दांच्या प्रश्नाला दहा शब्दांचं उत्तर. तरी बरं वाटलं. तुमच्या भावाला मी सांगितलं की पुस्तकात वाचलं. तो म्हणाला, "पुस्तकाला अक्कल आहे," आणि तसंच करायला लागला. म्हणजे तुमचं अजून चालतं या घरात, फक्त तुमचं नाव चालत नाही.

पण दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. सहज विचारते असं लिहिलं होतं मी, ते खोटं होतं.

तो पितो, ताई. तुम्ही गेल्यापासून गिऱ्हाईक शेडवर आलं की तो पिंपातून पेला भरतो आणि सगळ्यांसमोर पिऊन दाखवतो. "आमच्या झाडाला जे देतो ते मी स्वतः पितो," हे तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. तुम्ही चमचा घ्यायचात, हा पेला घेतो. तुमच्यापेक्षा काकणभर सरस करून दाखवल्याशिवाय त्याचा जीव राहतो का? लोक टाळ्या वाजवतात. एकाने तर फोनवर चित्रणही केलं.

आधी मीही हसायचे. लसणाचं पाणी प्यायल्याने माणसाचं काय जातंय, शेजारची माणसं लांब बसतील फार तर. पण काल अर्क गाळायला त्याने मला फडकं धरायला लावलं आणि चोथा माझ्या हातात आला. लांब, अरुंद, जाडसर पानं. मध्ये पांढरी शीर. आणि फडक्याला चिकटलेली एक गुलाबी पाकळी. ताई, रस्त्याकडेला जी कण्हेरीची रांग आहे ना, जिच्याखाली शेळ्यासुद्धा तोंड घालत नाहीत, ती आता खालून ओरबाडल्यासारखी दिसते.

मी म्हटलं, "अरे, ही कण्हेर आहे." तो म्हणाला, "मग? झाडाचंच आहे ना? दुकानातलं औषध थोडंच आहे?" मी म्हटलं, "झाडाचं असलं म्हणून काय झालं?" तर म्हणतो, "ताईसुद्धा घालायची. मी बघितलंय तिला तोडताना. आणि प्यायचीही."

खरं आहे का हे? तुम्ही घालायचात का? आणि घालायचात तर प्यायचात कशा?

त्याचं पोट बिघडलंय. उलट्याही झाल्या. उपाशीपोटी प्यायलो म्हणून झालं, असं त्याचं म्हणणं आहे. जेवून प्यायला तर बरं वाटेल म्हणे.

लवकर कळवा. माझा जीव थाऱ्यावर नाही.


१४ तारीख, सकाळ

ताई,

भोंगा हात हलवत परत आला. म्हणाला, पत्र वाचता वाचता तुमच्या हातातला रोपांचा ट्रे खाली पडला, माती सगळीकडे झाली, आणि तुम्ही ती झाडायच्या निमित्ताने ज्या खाली वाकलात त्या तो निघेपर्यंत उठला नाहीत. त्याने वर विचारलं मला, "वहिनी, काय लिहिता एवढं? एवढ्या भारी बाई, लहान पोरीसारख्या घाबरल्या."

तुम्ही घाबरलात म्हणजे घाबरण्यासारखं आहे. एवढं उत्तर मला मिळालं.

आता न लपवता लिहिते. परवा संध्याकाळी तो अंगणात बसला होता, दिवा लावला तर म्हणाला, "याच्याभोवती पिवळं कडं का दिसतंय?" मी म्हटलं, कुठे? तो म्हणाला, "सगळंच पिवळट दिसतंय. तुझा चेहराही." आणि हसला. म्हणाला, टोमॅटो लाल व्हायच्या आधी बायको पिवळी झाली. मी हसले नाही. त्याचा हात हातात घेतला, मनगटावर बोटं ठेवली. ताई, ठोका लागतो आणि मग वाट बघायला लावतो. मला वाटलं, संपलं. मग पुढचा लागतो.

मी औषधाच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा नाही, म्हणून बरं वाटलं. म्हटलं, आमच्या शेजारी एक जण आहे, त्याला असं असं होतंय. त्याने गोळी काढायला हात वर नेला होता, तो तसाच थांबला. विचारलं, "काय पितात ते?" मी म्हटलं, पाल्याचा काढा. "कसला पाला?" मी कण्हेर म्हटल्याबरोबर त्याने बरणी खाली ठेवली. म्हणाला, "त्याने हृदय बंद पडतं. शेजारी असो नाहीतर घरचा असो, आत्ता दवाखान्यात न्या." त्याला कळलं होतं घरचाच आहे ते. माझ्या पायांत चपला वेगवेगळ्या होत्या.

घरी येऊन मी त्याच्या हातापाया पडले. दवाखान्यात चल म्हटलं. तो म्हणाला, "आणि डॉक्टरला काय सांगू? मी माझाच अर्क पिऊन आजारी पडलो? उद्या गावभर होईल. त्या बाईंच्या कानावर जाईल." मी पिंप ओतायला गेले तर आडवा उभा राहिला. मी त्यात चोरून पाणी घातलं तर त्याला वासावरून कळलं आणि त्याने आणखी एक पोतं पाला आणून टाकला. प्रत्येक वेळी एकच पालुपद, "ताईने इतकी वर्षं प्यायलं, तिला काय झालं? तिचं नख तरी दुखलं का कधी?"

यावर मी काय बोलू? तुम्ही जिवंत आहात हाच त्याचा पुरावा आहे. माझ्या रडण्याला त्याच्यापुढे काय किंमत?

तुम्ही दोघं भांडलात त्या दिवशी मी दारातच होते. माशीने पीक खाल्लं होतं, फुलं गळून शेडभर सडा पडला होता, आणि तो गिऱ्हाइकांसमोर तुम्हाला म्हणाला, "चमचाभर पिऊन दाखवणं सोपं आहे ताई, झाड जगवणं अवघड आहे." मला वाटलं तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवाल. तुम्ही काहीच बोलला नाहीत. गाळायचं फडकं घेतलंत, टेबलावरची तुमची बाटली घेतलीत आणि निघालात. मला तेव्हा तुमची कीव आली होती. आता राग येतो. तेव्हा भांडला असतात, तोंड सोडलं असतंत, तर आज हे माझ्या पदरात पडलं नसतं, असं मला सारखं वाटतंय. का वाटतंय ते अजून नीट कळत नाही.

एक तेवढं चांगलं झालं. रात्रीपर्यंत भांडून भांडून शेवटी कबूल केलंय त्याने, की त्या बाई येईपर्यंत थेंबही पिणार नाही. त्या आल्या की एकदाच. त्यापेक्षा खाली यायला तयार नाही.


१९ तारीख, सकाळ

ताई,

तो प्यायला नाही या दिवसांत. मी पाळत ठेवलीये, अगदी पोलिसासारखी. आणि त्याला बरं वाटतंय. जेवतो, शिट्टी वाजवतो, दिव्याभोवतीचं कडं गेलं. त्यामुळे झालंय काय, की आता त्याची खात्रीच पटलीये की पोट बिघडलं होतं ते दुसऱ्या कशाने. कण्हेरीने मी मरत असतो तर आता शिट्टी वाजवली असती का, असं विचारतो मला. मी दवाखान्याचं नाव काढलं की शिट्टी मोठी होते.

उद्या त्या बाई येणार. सोबत शाळेतली आणखी माणसं आहेत. टेबलावर घालायचं कापड त्याने स्वतः इस्त्री केलंय. आणि मोठा पेला घासून ठेवलाय, स्टीलचा, ज्यात आपण पाहुण्यांना पाणी देतो तो. पिंपात आता एवढा पाला मुरलाय की वरून काळाकुट्ट दिसतं. माशी मात्र खरंच मेली. पानं साफ आहेत. म्हणून तर त्याला थांबवता येत नाहीये. त्याचा अर्क जिंकलाय.

आणि तोच अर्क मारलेले टोमॅटो पोरांच्या पानात जाणार, हा विचार मी एका बाजूला सारून ठेवलाय. एकदम दोन भीती मला पेलत नाहीत. आधी उद्याचा पेला.

ताई, मला एक संशय येतोय. वाईट वाटून घेऊ नका, किंवा घ्या, आता मला पर्वा नाही. भांडून घर सोडणारं माणूस आपले कपडे नेतं, चार भांडी नेतं. तुम्ही कपडे मागाहून मागवलेत. हातात घेऊन निघालात ती बाटली. निळ्या झाकणाची, चिकटपट्टी लावलेली. बाजारातल्या टेबलावर ती नेहमी तुमच्या हाताशी असायची आणि अर्काचा मोठा कॅन मागे. चमचा तुम्ही बाटलीतून भरायचात. कॅनमधून कधी भरलेला मी तरी पाहिला नाही. आणि ती बाटली घासायला तुम्ही मला कधी दिली नाहीत. मला वाटायचं, पाककृती चोरीला जाईल म्हणून.

त्या बाटलीत काय असायचं, ताई?

मला पत्र लिहू नका. त्याला सांगा. माझं तो ऐकणार नाही, दुकानदाराचं ऐकणार नाही, देवाचंही नाही ऐकणार. या जगात तो एका माणसावर रुसलाय आणि त्याच एका माणसाचं त्याला खरं वाटतं. भोंगा आज जातोय आणि उद्या सकाळी परत येतोय. त्याच्या गाडीत बसा. नाहीतर फोन करा. नाहीतर काहीतरी करा. तुमचा भाऊ उद्या पेलाभर विष पिणार आहे, तुमच्यासारखं दिसावं म्हणून.


२१ तारीख, दवाखाना

ताई,

भोंगा उद्या निघेल, तोवर हे लिहून होईल. खुर्चीत बसून मांडीवर कागद धरलाय, अक्षर वाकडं येतंय. तो पलंगावर आहे. छातीला वायरी लावल्यात आणि डोक्याशी यंत्र आहे. जिवंत आहे, हे आधी सांगते.

काल तुम्ही याल म्हणून मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. भोंगा एकटाच उतरला. मग त्याने सीटखालून तुमची बाटली काढली आणि म्हणाला, "तुमच्या बाईंनी दिलीये. वहिनी, गार चहा कुणी पाठवतं का हो एवढ्या लांब? मी म्हटलं पण त्यांना, तिकडे चहा मिळतो. तर म्हणाल्या, तिला म्हणावं मी नेहमी यातलंच प्यायचे. भावाला हुंगायला दे."

मी झाकण उघडलं. बिनदुधाचा, काळा चहा. लांबून अगदी अर्कासारखा.

मला त्या घडीला तुमचा गळा धरावासा वाटला आणि तुमच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हीला वेळ नव्हता. शेडपुढे गाडी लागलेली होती. मी धावत गेले तर तो त्या बाईंना पान उलटं करून दाखवत होता. मी म्हटलं, "जरा इकडे ये." तो म्हणाला, "नंतर." मी म्हटलं, "ताईचा निरोप आहे." त्याचा चेहरा असा काही झाला, पण सगळे बघत होते. पुन्हा म्हणाला, "नंतर."

मग मला सुचलं ते केलं. टेबलामागे जाऊन त्याचा पेला तुमच्या बाटलीतून भरला. घाईत अर्धा चहा इस्त्रीच्या कापडावर सांडला. बाटली लपवायला हवी होती ती तशीच टेबलावर राहिली. पेला मी त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "आमच्या झाडाला जे देतो ते मी स्वतः पितो," आणि तोंडाला लावला.

पहिल्या घोटाला थांबला. माझ्याकडे बघितलं. मग टेबलावर नजर गेली, निळ्या झाकणावर. ताई, त्याने ती बाटली इतकी वर्षं तुमच्या हाताशी बघितलीये. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, मला कळलं त्याला कळलं ते. उरलेला चहा त्याने हळूहळू संपवला, पण पेला खाली ठेवायचं विसरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, सुटलो.

तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, "मलाही द्या थोडं. पोरांना खायला घालायचंय ते मी आधी चाखते, माझा नियमच आहे. तुमच्या पेल्यातलं नको, त्या पिंपातलं द्या, ताजं." चांगल्या बाई आहेत हो. चष्मा कपाळावर ढकलून, हात पुढे करून उभ्या राहिल्या. सोबतच्या दोघांनीही हात पुढे केले.

खरं सांगते. ओरडायला हवं होतं आणि मी कापडावर सांडलेला चहा पुसत राहिले. तो पिंपाकडे गेला. झाकण काढलं. डाव उचलला. मला दिसत होतं, डावात ते काळं पाणी, त्यावर एक पान तरंगतंय. तो आत बघत उभा राहिला. मला वाटलं, देणार. एवढ्या लोकांत माघार घेणारा तुमचा भाऊ नव्हे.

मग त्याने डाव परत पिंपात सोडला आणि झाकण लावलं. पाठ आमच्याकडेच होती. म्हणाला, "हे प्यायचं नसतं."

बाई म्हणाल्या, "आत्ता तर तुम्ही प्यायलात."

"तो चहा होता." मग वळला. "बहिणीचा आहे. गार झालाय, नाहीतर तुम्हाला दिला असता."

कुणी तरी हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "पिंपात काय आहे?" त्याने सांगितलं. कण्हेर म्हटल्यावर त्यांनी शेडमधल्या लाल ओळींकडे बघितलं आणि मग स्वतःच्या हाताकडे, ज्याने त्यांनी मघाशी एक टोमॅटो तोडून हुंगला होता. म्हणाल्या, "यातला एकही माझ्या पोरांना लागणार नाही. आणि खरं सांगा, तुम्ही हे कधी प्यायलायत का?"

तो म्हणाला, "सकाळी."

सकाळी. मी आंघोळीला गेले होते तेव्हा. लोकांसमोर तोंड वाकडं होऊ नये म्हणून सराव केला म्हणे. सराव, ताई. मी आठवडाभर पोलिसासारखी बसले आणि आंघोळीच्या वेळात हा सराव करून आला. एवढं बोलला आणि टेबलाला धरून खाली बसला. कपाळावर घाम, ओठ पांढरे. मी मनगट धरलं तर ठोका सापडेना. सापडला तेव्हा त्याच्यापुढचा सापडेना.

त्या बाईंनीच गाडीत घातलं आम्हाला. सगळा रस्ता त्यांनी त्याला बोलता ठेवला. पानं किती, कुठली, किती मुरवली, घोट केवढा. त्याने एकेक सांगितलं. डॉक्टर म्हणाले, काय पोटात गेलंय ते सांगितलंत म्हणून आमचा वेळ वाचला. नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो. आणि पेलाभर गेलं असतं तर इथवर आणायची वेळच आली नसती, असंही म्हणाले. मी ते त्याला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

आज दुपारी तो पहिल्यांदा नीट बोलला. मला वाटलं, आता तुमच्या नावाने खडे फोडेल. इतकी वर्षं फसवलं, लोकांनाही आणि त्यालाही, असं काहीतरी. वरच्या छताकडे बघत पडला होता. म्हणाला, "मी तिला म्हणालो होतो ना, चमचाभर पिऊन दाखवणं सोपं आहे." मी म्हटलं, हो. म्हणाला, "खरंच सोपं होतं की गं." आणि हसायला लागला. हसता हसता यंत्र ओरडायला लागलं तर नर्स धावत आली. तिने मला दटावलं, रुग्णाला हसवू नका म्हणून. नर्स गेल्यावर तो रडला. ते यंत्राने काही ऐकलं नाही, पण मी ऐकलं.

मग म्हणाला, तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत. "तेव्हाच म्हणाली असती, अरे मूर्खा, तो चहा आहे, तर मी हसलो असतो आणि ती राहिली असती." मी म्हटलं, तू चारचौघांत तिची अब्रू काढलीस, आणि त्याच चारचौघांत तिने उरलीसुरली स्वतःच्या हाताने काढायची? मग म्हणाला, "मी काढली की काल माझी. काही मेलो नाही." आणि यंत्राकडे बघून म्हणाला, "अजून तरी."

शेजारच्यांना सांगून मी पिंप बंद करून ठेवलंय, कुणी हात लावू नका म्हणून पाटी लावलीये. लाल टोमॅटो सगळे तोडून पुरायचेत, झाडंही उपटायचीत. त्या बाई म्हणाल्या, पुढचं पीक धरा, आधी मला बोलवा, मी पिंपात डोकावून मगच ठरवीन. आश्वासन म्हणून नाही म्हणाल्या, सवयीने म्हणाल्या असतील. पुढच्या पिकाला अर्क कसा करायचा हे मला येत नाही, त्यालाही येत नाही हे आता सिद्धच झालंय. कोणता पाला फक्त पानावर मारायचा, कोणता कुंपणाबाहेरच ठेवायचा आणि मारल्यावर फळ किती दिवस तोडायचं नाही, हे सांगायला माणूस लागतं. तो विषय नंतर काढू.

तुमच्यावर माझा राग आहे. तो जाईल असं वाटत नाही, निदान इतक्यात नाही. एक बाटली चहा तुम्ही वेळेवर पाठवलात म्हणून तो आहे, आणि तोच चहा इतकी वर्षं लपवलात म्हणून तो इथे आहे. या दोन गोष्टी मी जोडायला बघते आणि जुळत नाहीत. तुम्ही समोर आलात तर तुम्हाला बोलणार आहे मी, पोटभर. तुम्हीही बोला. गप्प बसून निघून जायचं नाही आता या घरात कुणी.

भोंग्याला विचारलंय मी. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. तो म्हणाला, बाईंना रस्ताभर गाणी ऐकावी लागतील, चालेल का विचारा. चालवून घ्या.

डॉक्टर म्हणतात, आणखी दोन दिवस काढायला हवेत, मग सांगता येईल. आत्ता तो झोपलाय. यंत्र टिक टिक करतं, मग मध्येच थांबतं. पुन्हा सुरू होतं दरवेळी, पण होईपर्यंत या खोलीत मी एकटी असते. या.

तुमची भावजय